एका बटणात अकरा गावं

या, असे जरा पुढे सरका. दाराशी कशाला बसता? तिथे वारा लागतो. शिवाय मी सांगणार आहे त्या गोष्टीत कोणाला कुठे बसवलं यावरच सगळं अडलेलं आहे, तेव्हा तुम्ही तरी नीट वर बसा. शीरचाय घ्या, आमचा दुधाचा खारट चहा. मीठ कमी असेल तर सांगा, लोणी कमी असेल तर गप्प राहा, कारण तेवढंच उरलंय. मी तुम्हाला एका बटणाची गोष्ट सांगतो. ते एकदा दाबलं आणि उस्ताद अलोवतशोंचा आवाज या दुनियेतून जायला निघाला. दाबलं आमच्या साहेबांनी, पण बसवलं होतं मी.

उस्ताद अलोवतशो म्हणजे आमच्या शोहदरा खोऱ्यातले मद्दो, म्हणजे भक्तिगीतं, गाणारे. हातात रबाब, शेजारी डफ, आणि गाता गाता मध्येच थांबून दोन गोष्टी सांगायच्या, की ऐकणारा आधी हसतो आणि मग आपण रडतोय हे त्याला शेजाऱ्याकडून कळतं. माणसाने कसं जगावं यावर मी बरीच भाषणं ऐकली आहेत. खात्यातर्फे ती ऐकावीच लागतात. पण मनात उतरलं ते सगळं रबाबावरूनच. मौलाची कृपा अशी, की उस्तादांच्या शेवटच्या दोन हिवाळ्यांत त्यांच्या बायकोने, नजरबेगिम-खालांनी, त्यांचे मद्दो भरून ठेवले. खाला तूतजार गावच्या ग्रंथालयाच्या प्रमुख, शिपाई आणि झाडूवाल्याही. तेव्हा हे सगळं भरलं गेलं ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरमध्ये. मागच्या वसंतात उस्ताद गेले. वर्षभर त्या घरात गाणं झालं नाही. या नवरोजला वर्ष सरायचं होतं, आणि त्या सकाळी सारं गाव ग्रंथालयात जमून उस्तादांना ऐकणार होतं.

त्या आवाजाची दुसरी प्रत? नव्हती. राखीव प्रती ठेवणं हा माझ्या योजनेचा दुसरा टप्पा होता.

आता योजना. मी खोरोगच्या ग्रंथालय खात्यात संगणक-विभागाचा प्रमुख आहे. विभागात मी एकटाच असल्यामुळे प्रमुखपदाबद्दल वाद होत नाही. खोऱ्यातल्या अकरा गावांतल्या ग्रंथालयांत अकरा म्हातारे कॉम्प्युटर आहेत, आणि सगळ्यांवर लिनक्स. ते फुकट मिळतं आणि थकलेल्या यंत्रालाही ओढून नेतं. पण एखादं नवं पुस्तक घालायचं किंवा काही दुरुस्त करायचं, तर ते पेनड्राइव्हवर भरून, पाकिटात घालून जीपवाल्याच्या हाती द्यायचं. ती गावोगाव फिरून महिन्याभराने परत यायची. निळी पेनड्राइव्ह. नजर लागू नये म्हणून बायकोने तिला लाल दोरा बांधला होता.

शरद ऋतूत ही पेनड्राइव्ह तूतजारहून निघाली आणि खोरोगला पोचलीच नाही.

नेणारा-आणणारा होता आमचा शेजारी दौलतकदम-आको. जन्मभर ट्रक हाकला, आता खोऱ्यात सवारीची जीप चालवतो. तो मला मुअल्लिम, म्हणजे मास्तर, म्हणतो. त्याला विचारलं तर म्हणाला, "मुअल्लिम, तुमची वस्तू मी ठेवून घेईन का? मी त्याच दिवशी देऊन टाकली असणार. तुमच्या त्या तारांच्या ढिगात बघा." मी ढीग उपसला. मग आमचे रईस, म्हणजे खात्याचे साहेब, नेमतोव यांनी चौकशी लावली. पेनड्राइव्ह गेल्याचं दुःख एकीकडे, पण चौकशीच्या कागदावर माझ्या नावापुढे 'हलगर्जी' असा शब्द होता. प्रमुख माणसाला हलगर्जी! त्या दिवशी मी ठरवलं की यापुढे जीप नको, पेनड्राइव्ह नको, दौलतकदम नको. खोरोगला खुर्चीत बसून बटण दाबीन आणि अकरा गावांत काम होईल.

तशी विद्या आहे, आणि ती अवघड नाही. प्रत्येक यंत्राला एक कुलूप बसवायचं, त्याची किल्ली आपल्याजवळ ठेवायची. मग इथून हुकूम सोडला की तो तारेवरून जातो, कुलूप उघडतो, आत शिरतो, सांगितलेलं करतो. यंत्रांना हे पटायला एक दुपार लागली. माणसांना पटायला हिवाळा गेला.

"म्हणजे मी घरी नसताना तू आत येणार?" एका गावच्या ग्रंथपालाने विचारलं.

"मी नाही. हुकूम येणार."

"तेच ते. मग त्याला चहा कोण देणार?"

दुसऱ्या गावी आपल्याआप बंद होऊन चालू झालेलं यंत्र पाहून ग्रंथपालबाईंनी त्याला धूप दिला. साधा नव्हे, निखाऱ्यावर इस्पंदाच्या बिया टाकून, पंख्याच्या तोंडाशी धरून. यंत्राने तो धूप श्रद्धेने आत ओढून घेतला आणि आठवडाभर उठलं नाही. तिसऱ्या गावी कुलूप बसलं आहे म्हणून कळवलं. मी किल्ली फिरवतोय, फिरवतोय, उघडेना. शेवटी कळलं की कॉम्प्युटरच्या कपाटाला खरंच कुलूप घातलंय, आणि किल्ली दौलतकदम-आकोबरोबर माझ्याकडे रवाना केली आहे.

शिवाय दळणवळण कार्यालयाची परवानगी. अकरा सरकारी इमारतींत दुरून प्रवेश करायचा, तर प्रवेश करणाऱ्याचं नाव, वडिलांचं नाव, येण्याचं कारण आणि परत जाण्याची तारीख लिहून द्यावी लागते. मी नावापुढे 'खोरोग मुख्य यंत्र' लिहिलं. अर्ज परत आला. वडिलांचं नाव रिकामं होतं.

"साहेब, यंत्राला वडील नसतात," मी म्हणालो.

"मग जबाबदारी कोणाची?" खिडकीतला माणूस अगदी कळवळून म्हणाला.

त्या प्रश्नात तथ्य होतं. मी वडिलांच्या जागी माझं नाव घातलं. सही-शिक्क्यानिशी मी एका कॉम्प्युटरचा बाप झालो. शिरिनमोने, म्हणजे माझ्या बायकोने, कागद वाचून घडी घातली आणि म्हणाली, "अभिनंदन. आपला एकही मुलगा गणितात पास झाला नाही, हा तरी होऊ दे."

जिन्यात दौलतकदम-आको भेटायचाच. त्याला सगळी यंत्रं ट्रकसारखीच वाटतात. "मुअल्लिम, थंडीत एकदम जोर देऊ नका. आधी तासभर नुसतं गरम होऊ द्या." मी मान हलवायचो. "आणि त्याच्याशी बोलत जा. मी माझ्या गाडीशी बोलतो, गाणं लावतो, म्हणून चालते." त्याच्या जीपमध्ये त्या हिवाळ्यात एकच गाणं असायचं असं सवाऱ्या सांगत. मी कधी बसलो नव्हतो. प्रमुख असल्यामुळे मी कार्यालयाच्या गाडीने जायचो, ती नादुरुस्त असली की जातच नसे.

हिवाळा सरता सरता अकराच्या अकरा कुलपं बसली. आणि तेव्हाच बातमी आली की नवरोजनंतर राजधानीहून तपासणी येणार.

रईस नेमतोवांनी मला बोलावलं. "ओदिनामामद, सगळी यंत्रं एकसारखी दिसली पाहिजेत. एका गावात पडद्यावर बकरी, एका गावात नवरी, एका गावात कोणाचा तरी काका. हे ग्रंथालय आहे की लग्नाचा मांडव?"

"करतो साहेब. मुख्य यंत्रावर जे असेल तेवढंच प्रत्येक गावात राहील. जास्तीचं सगळं आपोआप निघून जाईल."

"एका बटणात?"

"एका बटणात."

हे म्हणताना मला फार बरं वाटलं होतं.

उस्तादांचा मी विचार केला नव्हता असं समजू नका. तो तर मी सर्वांत आधी केला. प्रत्येक यंत्रावर मी एक फोल्डर राखून ठेवलं, त्याला नाव दिलं 'कोठार', आणि हुकुमात लिहिलं की कोठाराला हात लावायचा नाही. मग खालांना फोन करून सांगितलं, "खाला, उस्तादांचं जे काही आहे ते सगळं कोठारात नेऊन ठेवा." "बरं," खाला म्हणाल्या. संध्याकाळी मी इथून डोकावून पाहिलं, सगळं कोठारात होतं. मी दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवून शुक्र मानला आणि निर्धास्त झालो. माणूस निर्धास्त होतो ते कुठे, हे त्याने फार जपून पाहायला हवं.

बटण दाबायचा दिवस गुरुवार ठरला, नवरोजला चार दिवस असताना. रईस म्हणाले, "बटण मी दाबणार." छायाचित्रकार आला. कॉम्प्युटरला शिरिनमोने कशिदा भरलेला रुमाल घातला होता, तो बाजूला सारला. रईसांनी भाषण केलं, त्यात आमच्या पर्वतांची उंची दोनदा आली. मग त्यांनी बोट उचललं, छायाचित्रकार म्हणाला "थांबा", बोट थांबलं, छायाचित्र निघालं, बोट खाली आलं.

पडद्यावर ओळी धावू लागल्या. एकेक गाव उत्तर देऊ लागलं. झालं. झालं. झालं. बकरी गेली, नवरी गेली, काका गेला. रईस प्रत्येक 'झालं'ला मान डोलवत होते. मग तूतजारची ओळ आली. तिथलं नेटवर्क धाग्यासारखं बारीक, त्यामुळे ती ओळ हळूहळू उमटत होती.

काढलं: गाय व्याली त्या दिवशीचं.

मी चष्मा पुसला.

काढलं: बर्फाने रस्ता बंद होता तेव्हा.

काढलं: घसा बसलेला, तरी छान.

खाला मद्दोंना अशीच नावं द्यायच्या. मी रईसांच्या काखेखालून हात घालून हुकूम थांबवायला गेलो, तर तूतजारची तार तुटली. नेटवर्क गेलं. आणि ऐका, इथे माझी हुशारी. आमच्या खोऱ्यात दरड कोसळते, हिमलोट येतात, तार केव्हाही तुटते. म्हणून मी हुकुमाला शिकवून ठेवलं होतं, की एकदा गावात शिरलास की मागचं दार बंद झालं तरी घाबरायचं नाही, काम पुरं करूनच थांबायचं. ती युक्ती मी बैठकीत फळ्यावर काढून दाखवली होती. टाळ्याही पडल्या होत्या.

उरला फोन. मी व्हरांड्यात पळालो आणि खालांना लावला.

आता आमच्याकडे फोनवर पहिलं काय बोलतात ते तुम्हाला माहीत आहे. ते गाळून थेट मुद्द्याला येणारा माणूस एकच बातमी घेऊन येतो, कोणीतरी गेल्याची. खालांचा थोरला मुलगा मॉस्कोत बांधकामावर आहे. मी एकदम ओरडलो असतो, तर त्यांनी तिथेच खाली बसकण मारून छाती पिटली असती आणि यंत्र बंद करायचं राहिलं असतं बाजूला.

"या अली मदद, खाला."

"मौला अली मदद, ओदिना! बरा आहेस? घरचे बरे आहेत?"

"बरे आहेत खाला, तुम्ही बऱ्या आहात? खाला, तो कॉम्प्युटर..."

"शिरिनमोची पाठ?"

"बरी आहे. खाला, कॉम्प्युटर..."

"मुलं?"

"बरी आहेत."

"धाकट्याचं गणित?"

"खाला, गणितही बरं आहे!" मी खोटं बोललो. मौला मला क्षमा करो, पण उस्ताद एकेक करून पुसले जात होते. "तुमच्याकडे सगळं बरं? गुरं? शेजारी? छप्पर? मुलाचा फोन येतो? खाला, आता एक काम करा, कॉम्प्युटरची वायर ओढून काढा!"

"इतका धापा का टाकतोयस? जिना चढलास का? कुठली वायर?"

"काळी!"

"सगळ्याच काळ्या आहेत रे." खुडबुड ऐकू आली. "घे, काढली."

"पडदा काळा झाला?"

"नाही. किटली थांबली."

"दुसरी, खाला, दुसरी काढा!"

"अरे, पाणी उकळायला आलं होतं. पाहुणे बसलेत ग्रंथालयात, नवरोजची झाडलोट करायला आलेत." पुन्हा खुडबुड. "हं. झाला पडदा काळा. पण बंद होण्याआधी पाहिलं बरं का मी. काय स्वच्छ केलंस! नवरोजच्या आधी जमीन सारवतात तसं लख्ख. एक गोष्ट शिल्लक नाही."

मी काहीच बोललो नाही. फोनवर आमच्याकडे कोणी गप्प बसत नाही, तेव्हा त्यांनाही समजलं असावं.

"ओदिना. उस्ताद आहेत ना आत?"

"खाला, तुम्ही त्यांना कोठारात ठेवलं होतं ना? मी पाहिलं होतं."

"ठेवलं होतं. मग मला झोप लागेना. कोठारात, पिठाच्या पोत्यांत? ज्या माणसाला मी जन्मभर दाराशी बसू दिलं नाही, त्याला सणाच्या तोंडावर कोठारात? मी दुसऱ्या दिवशीच त्यांना बाहेर आणलं. समोर, मधोमध, सगळ्यांत मानाच्या जागी बसवलं."

मधोमध. मानाच्या जागी. म्हणजे माझा हुकूम जिथून झाडायला सुरुवात करतो, नेमकं तिथे.

"ये तू इकडे," खाला म्हणाल्या. "समोर बसून बोलू." आणि फोन ठेवला.

मी आत आलो. रईस नेमतोव केक कापत होते. "यशस्वी ना?" त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून "यशस्वी" असं निघालं. अहवालातही तसंच आहे.

घरी शिरिनमोला सांगितलं. एरवी ती मला कशावरूनही बोल लावते, त्या दिवशी मात्र लावला नाही. तिने रोट्या फडक्यात बांधून हातात दिल्या आणि म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जा. आणि तिथे कॉम्प्युटरवर आधी बसू नका. खालांसमोर बसा."

कार्यालयाची गाडी अर्थातच नादुरुस्त होती. खाली दौलतकदम-आकोची जीप उभी होती, गाणं सुरू होणार एवढ्यात त्याने माझा चेहरा पाहिला आणि पटकन ते बंद केलं. "माफ करा मुअल्लिम. दुःखाच्या घरी निघालेल्या माणसाला मी गाणं ऐकवत नाही. कोण गेलं?"

"सांगतो नंतर," मी म्हणालो. पण सांगितलं नाही. तूतजारपर्यंत आम्ही नुसतं इंजिन ऐकत गेलो. एरवी सल्ल्यांचा पाऊस पाडणारा माणूस, पण मला त्रास नको म्हणून खड्डेसुद्धा हळू घेत होता. शेजारी नदी बर्फातून सुटून धावत होती, जर्दाळूच्या फांद्या लाल झाल्या होत्या, आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. 'खाला, तांत्रिक अडचणीमुळे.' नको. 'खाला, नियोजनात त्रुटी.' नको. सगळी वाक्यं खात्याची होती. उस्तादांच्या घरात नेण्यासारखं माझ्याजवळ एकही वाक्य नव्हतं.

खालांनी मला वर बसवलं. खांबाशी, उस्ताद बसायचे त्याच्या शेजारी. मी दाराशी बसायला गेलो तर रागावल्या. शीरचाय ओतली, रोटी मोडून घातली. मी प्यालो नाही तोवर बोलू दिलं नाही. मग मी एवढंच म्हणालो, "खाला, मी पुसलं."

त्यांनी छताच्या झरोक्याकडे पाहिलं. तिथून उन्हाचा चौकोन खाली चटईवर पडला होता.

"परत नाही येत?"

"बघतो," मी म्हणालो. पुसलेलं परत आणायची विद्याही आहे. मी ग्रंथालयात जाऊन दुपारभर त्या यंत्राला विनवलं. पण जिथे उस्ताद होते तिथेच मुख्य यंत्राकडून आलेली खात्याची परिपत्रकं जाऊन बसली होती. एवढ्या खटपटीनंतर हाती लागलं ते गायीचं हंबरणं. अर्धंच. मी ते खालांना ऐकवलं. त्यांनी ओळखलं. "ती आपली पांढरी," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसता पुसता हसल्या.

मग म्हणाल्या, "ओदिना, तुझी ती निळी यायची ना, लाल दोऱ्याची?"

"पेनड्राइव्ह? यायची. हरवली ती. तिच्यामुळेच तर हे सगळं झालं."

"तीत मी घालून पाठवायचे ते तू ऐकायचास की नाही?"

"काय घालून?"

"अरे, नवरोजला पोरं धाब्यावर चढून झरोक्यातून रुमाल खाली सोडतात. कोण आहे ते दिसतसुद्धा नाही. तरी आपण तो रिकामा वर ओढू देतो का? अंडं बांधतो, मोजे बांधतो, मूठभर तुती बांधतो. तुझी निळी काहीतरी घेऊन यायची. मी ती रिकामी परत कशी पाठवणार? एक उस्ताद घालायचे."

माझ्याकडे किती उस्ताद आले असतील, हे मोजायचीही सोय नव्हती. कारण ती पेनड्राइव्ह परत आली रे आली, की मी तिला न उघडता आधी कोरी करत असे. खेड्यापाड्यांतून फिरून येते, काय रोग लागला असेल सांगता येत नाही म्हणून. तो नियम मीच केला होता, भिंतीवर लावला होता.

"फक्त माझीच, खाला?" मी घाबरत विचारलं.

"तुझीच का? शाळेची मुलं धड्यांसाठी घेऊन यायची, ड्रायव्हर यायचे, लग्नाच्या फोटोंसाठी वरच्या गावच्या बायका यायच्या. ज्याने जे मागितलं ते दिलं, आणि वरून एक उस्ताद. कोणाला कुठलं दिलं ते कोण लक्षात ठेवतो? मोज्यांचा हिशेब ठेवतो का आपण?"

मी उठून उभा राहिलो. बाहेर जाऊन जो दिसेल त्याला सांगितलं, त्याने पुढच्याला सांगितलं. माझ्या अकरा गावांच्या नेटवर्कपेक्षा ते फार भरभर गेलं. दुसऱ्या दिवसापासून माणसं येऊ लागली. कोणाच्या गळ्यात ताइताशेजारी पेनड्राइव्ह, कोणाच्या ट्रॅक्टरच्या किल्लीला, एका आजीबाईंची तर नातीच्या रुखवताच्या पेटीत तळाशी, साबणाच्या वासाची. मी ग्रंथालयात बसून एकेक लावत होतो. शाळेचे धडे, धडे, धडे, आणि मग रबाब. प्रत्येक वेळी रबाब सुरू झाला की दारातली माणसं गप्प व्हायची आणि खाला न पाहता सांगायच्या, "हा बर्फाचा." "हा घसा बसलेला." मी तो उतरवून घ्यायचो आणि लगेच दोन प्रती काढायचो. दुसरा टप्पा मी तिथल्या तिथे पुरा केला.

नवरोजच्या आदल्या संध्याकाळपर्यंत बहुतेक सगळे उस्ताद परत आले. एक आला नाही.

"'मध्येच चहा मागितला' कुठाय?" खालांनी विचारलं. पुन्हा विचारलं नाही. पण येणाऱ्या प्रत्येक पेनड्राइव्हला त्या मान वर करून ऐकायच्या, आणि तो निघाला नाही की परत हातात विणत असलेल्या मोज्यांकडे वळायच्या. शेवटी म्हणाल्या, "आठवलं. तो मी तुझ्या निळीत घातला होता. शरदात. गावं फिरून ती तुझ्याकडे जाईल म्हणून सगळ्यांत चांगला घातला."

म्हणजे हरवलेलीत. जिच्यासाठी चौकशी झाली तिच्यात. माझ्या हातून कोरी झाली नाही एवढंच समाधान, पण ते समाधान कोणाला सांगणार?

नवरोजच्या सकाळी सारं गाव ग्रंथालयाच्या अंगणात जमलं. भिंतींवर पिठाचे ठसे उमटवलेले, बायकांच्या खांद्यांवर पिठाचे हात, सगळे एकमेकांना "शोगुन बहार" म्हणत होते. मी आत वायरी जोडत होतो आणि मनात ठरवत होतो की खालांच्या डोळ्यांना डोळा द्यायचा नाही. तेवढ्यात अंगणात जीप आली. दौलतकदम-आको खोरोगच्या सवाऱ्या घेऊन आला होता. सण होता, वर्ष सरलं होतं, माझा चेहराही समोर नव्हता. त्याने गाणं लावलेलं होतं, आणि ते मोठ्याने.

रबाब होता.

मी वायर तशीच टाकून बाहेर आलो. जीपची दारं उघडी, आतून उस्ताद अलोवतशो गात होते. गाता गाता आवाज अडखळला, खाकरले, रबाब थांबला, आणि ते म्हणाले, "नजर, चहा ठेव गं जरा. घसा बघ कसा झालाय."

अंगणात कोणी हललं नाही. फक्त खाला उठल्या. काही न बोलता आत गेल्या आणि किटलीची काळी वायर लावली.

मी जीपशी गेलो. डॅशबोर्डला निळी पेनड्राइव्ह होती, लाल दोऱ्यासकट.

"आको," मी म्हणालो, "ही माझी आहे!"

"तुमची?" दौलतकदम-आको खरोखर चकित झाला. "तुमची तर पाकिटात बंद असायची. ही खालांनी उघडी हातात दिली आणि म्हणाल्या, 'वाटेत ऐक.' मला वाटलं मला भेट दिली. मला कोणी भेट देतं का मुअल्लिम, जन्मात? मी हिवाळाभर ऐकली. गाडी कशी चालते बघा ना." मग हात पुसून तो ती काढू लागला.

मी त्याचा हात धरला. प्रत उतरवून घेतली आणि पेनड्राइव्ह परत तिथेच लावली. खात्याच्या कागदांत ती अजून हरवलेलीच आहे, चौकशी चालू आहे, आणि मी हलगर्जी आहे. राहू दे.

आता माझा हुकूम महिन्यातून एकदा अकरा गावांना जातो, पण झाडू घेऊन जात नाही. गावात शिरतो, सांगितलेलं करतो, आणि निघताना तिथलं काहीतरी घेऊन परत येतो. रिकामा परत आला तर मी त्याला पुन्हा पाठवतो. गावांनी पडद्यावर पुन्हा लावलेली बकरी, नवरी, कोणाचा तरी काका, सगळे माझ्याकडे आहेत. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "राखीव प्रती."

चहा संपला वाटतं तुमचा. आणा इकडे पेला. आणि एवढं करा, घरी गेल्यावर कोणी आतून हाक मारून चहा मागितला, तर उठायच्या आधी क्षणभर उस्ताद अलोवतशोंची आठवण काढा.